नगावर मोजलेली मराठी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मोबाइलला आणि संगणकाला बोललेली मराठी कळावी म्हणून सध्या गावोगावी जे ध्वनिमुद्रण चालले आहे, त्यावर आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. हजारो लोकांकडून थोडेथोडे काम करून घेण्याच्या या पद्धतीला लेखकाने 'क्राउडसोर्सिंग' हेच नाव ठेवले आहे आणि ते बरेच केले, कारण त्यासाठी सुचवलेले मराठी प्रतिशब्द अजून कोणाच्या तोंडी बसलेले नाहीत. लेखाचा रोख असा, की लोकांना चार पैसे जास्त मोजले म्हणजे काम आपोआप चोख येते आणि फुकटचे काम फुकटच्याच लायकीचे असते. त्यावर मंगळवारच्या अंकात एका वाचकाने लिहिले, की मायबोलीसाठी चार वाक्ये वाचण्याचे पैसे मागणे हेच मुळात अशोभनीय आहे. मला ही दोन्ही म्हणणी अर्धवट वाटली. पैसे द्यावेत की न द्यावेत एवढ्यावरच दोघेही थांबले आहेत. पैसे कशाचे मोजले जातात, हा प्रश्न दोघांनाही पडलेला नाही, आणि कामाचा दर्जा नेमका तिथेच ठरतो.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. एकतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांपूर्वी मी तीन महिने अशाच एका ध्वनिमुद्रणाच्या कामात तपासनीस होते. कोणत्या संस्थेचे काम होते हे सांगण्याचे कारण नाही, कारण तिचा असा वेगळा दोष नव्हता. या क्षेत्रात बहुतेक ठिकाणी पद्धत तीच आहे. मोबाइलच्या पडद्यावर एक वाक्य उमटते, वाचणाऱ्याने बटण दाबून ते मोठ्याने वाचायचे, दुसरीकडे तपासनिसाने ते ऐकून 'योग्य' किंवा 'अयोग्य' असा शेरा मारायचा. मान्य झालेल्या प्रत्येक वाक्यामागे वाचणाऱ्याला एक रुपया आणि तपासलेल्या दहा वाक्यांमागे तपासनिसाला एक रुपया, असा दर होता. नाकारलेल्या वाक्याचे वाचणाऱ्याला काहीच मिळत नसे, आणि ते का नाकारले हेही कळत नसे.

पहिल्या आठवड्यात आलेली वाक्ये अजून माझ्या कानात आहेत. 'धरणातील पाणीसाठा समाधानकारक असल्याचे पाटबंधारे विभागाने सांगितले' हे वाक्य एका बाईने इतके मन लावून वाचले होते, की 'समाधानकारक'वर ती किंचित थांबली आणि तिला हसू आले, कारण त्या महिन्यात आमच्याकडे मराठवाड्यात टँकर फिरत होते. मागे कुकरची शिटी होती, म्हणून नियमाप्रमाणे ते वाक्य मला नाकारावे लागले. तिसऱ्या आठवड्यात त्याच बाईची वाक्ये आली तेव्हा शिटी नव्हती, हसूही नव्हते. एका दमात, पट्टीवर ओढलेल्या रेघेसारखी, एकामागून एक तीसतीस वाक्ये. प्रत्येक वाक्य नियमात बसत होते आणि माणूस बोलल्यासारखे एकही वाटत नव्हते.

आमच्या भागात हा अनुभव कोणाला नवा नाही. खुरपणी रोजाने लावली तर शेतकरी म्हणतो बाया गप्पा मारतात, आणि उक्ती, म्हणजे कामाच्या मापावर ठरवून, दिली तर म्हणतो तण तसेच राहिले. कापूस वेचणीचा दर किलोवर असतो, म्हणून सकाळच्या दवात भिजलेला कापूस आधी वेचला जातो आणि बोंडाच्या सालीसकट, पाल्यासकट झोळीत पडतो. वेचणारी बाई लबाड असते असे नव्हे. वजन मोजले जाते, स्वच्छता मोजली जात नाही, आणि तिला संध्याकाळपर्यंत घर चालेल एवढे किलो भरायचे असतात. ऊसतोडीचा कोयताही टनावर चालतो आणि पाचटाची कपात कोणाच्या माथी मारायची यावर दर हंगामात वाद होतो. पडद्यावरची वाक्ये वाचणे ही या अर्थाने आमच्याकडची जुनीच उक्ती मजुरी आहे; फरक एवढाच, की इथे मुकादमाच्या जागी मोबाइल आहे आणि तो ओरडत नाही, नुसता 'अयोग्य' म्हणतो.

जे शेतात दिसते ते प्रयोगातही दिसले आहे. ॲमेझॉनने २००५ मध्ये 'मेकॅनिकल टर्क' नावाचा कामाचा बाजार इंटरनेटवर उघडला, जिथे कोणीही कोणालाही चार-दोन सेंटांचे बारीकसारीक काम देऊ शकतो. (नाव मोठे प्रामाणिक निवडले आहे. १७७० मध्ये फॉन केम्पेलेन याने बुद्धिबळ खेळणारे एक 'यंत्र' बनवून युरोपला थक्क केले होते, आणि त्या यंत्राच्या पोटात एक माणूस दडून बसलेला असे.) या बाजारातल्या कामगारांवर विंटर मेसन आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहतुकीच्या कॅमेऱ्यातून टिपलेली छायाचित्रे वेळेच्या क्रमाने लावा, असे काम होते. काहींना काहीच जादा मोबदला नव्हता, काहींना थोडा, काहींना त्याहून जास्त. ज्यांना जास्त पैसे होते त्यांनी जास्त छायाचित्रे लावली. पण क्रम अचूक लावण्यात ते कमी पैसेवाल्यांच्या पुढे गेले नाहीत. या कामाचा रास्त मोबदला किती, असे नंतर विचारले, तेव्हा प्रत्येक गटाने आपल्याला मिळाला त्याहून थोडा अधिक आकडा सांगितला. म्हणजे दर वाढवला तसे कामाचे मोलही माणसाच्या मनात वाढले, आणि आपण पुरेसे मिळवत नाही ही भावना जागच्या जागी राहिली. पुरवणीतल्या लेखकाने दर दुप्पट करा असा उपाय सुचवला आहे. त्यामुळे कामाला माणसे अधिक येतील, वाक्येही अधिक येतील, पण 'समाधानकारक'वर कोणी थांबेल याची हमी त्या दुप्पट दरात नाही.

याच दोघांनी दुसरा प्रयोग अक्षरांच्या चौकटीतून शब्द शोधण्याच्या कोड्यावर केला, आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. सापडलेल्या प्रत्येक शब्दामागे पैसे देण्याऐवजी पूर्ण कोडे सोडवण्याचे पैसे दिले, तेव्हा एकूण खर्च कमी होऊनही काम अधिक चांगले झाले. माणसे त्याच प्रकारची, पण मोजण्याचे माप बदलले आणि कामाचे रूप बदलले. आमच्या भाषेत सांगायचे तर नगाऐवजी वाफा मोजला.

आता फुकट करा म्हणणाऱ्या वाचकांकडे वळते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. इस्राएलमधल्या हैफा येथे नीझी आणि रुस्तिचिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना पन्नास प्रश्नांची बुद्धिमापन चाचणी दिली. त्याचे निष्कर्ष २००० मध्ये छापून आले. ज्यांना उत्तरामागे काहीच द्यायचे नव्हते त्यांची सरासरी २८ उत्तरे बरोबर आली. ज्यांना बरोबर उत्तरामागे अगदी किरकोळ रक्कम होती त्यांची २३ आली. ज्यांना त्याच्या दहापट आणि तीसपट रक्कम होती त्या दोन्ही गटांची ३४च्या आसपास आली. काहीच न देणे हे थोडेसे देण्यापेक्षा सरस ठरले. चांगले देणे दोन्हींपेक्षा सरस ठरले. आणि एका मर्यादेनंतर आणखी वाढवून काही उपयोग झाला नाही. हा प्रयोग एका खोलीत बसलेल्या विद्यार्थ्यांचा होता, गावातल्या बायांचा नव्हे, हे ध्यानात ठेवूनही तो मला पटतो, कारण शाळेत मी हेच पाहिले आहे. भित्तिपत्रकासाठी मुले रात्र रात्र जागत. एका वर्षी मुख्याध्यापकांनी उत्साहाच्या भरात प्रत्येक लेखाला पाच रुपये बक्षीस लावले, आणि 'पाच रुपयांत एवढेच होते, बाई' हे वाक्य मी प्रथमच ऐकले. तोवर मुलांनी त्या कामाची किंमत केलेली नव्हती. पाच रुपयांनी ती करून दिली.

पैशाने आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे लपवण्याला कारण मिळते. रक्तदानाच्या बाबतीत आपल्या देशाने हे फार महागात शिकले. पैसे घेऊन रक्त देणारा आपला आजार सांगत नाही, कारण सांगितला तर त्या दिवसाची कमाई जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८पासून धंदेवाईक रक्तदाते बंद झाले, ते यामुळेच. आमच्या ध्वनिमुद्रणात कोणाच्या जिवाला धोका नव्हता, पण तऱ्हा तीच होती. साठीपुढच्या आवाजांना दर थोडा जास्त होता, म्हणून एका हुशार पोराने आजीच्या नावावर नोंदणी केली आणि आवाज थरथरवत दोनशे वाक्ये वाचली. आजी मराठीऐवजी सिनेमातल्या म्हातारीसारखी का बोलते, असा प्रश्न मला पडला नसता तर ती दोनशे वाक्ये आज कुठल्यातरी यंत्राला 'मराठवाड्यातील वृद्ध स्त्रीचा आवाज' म्हणून शिकवली गेली असती.

तरीही 'फुकट करा' हे उत्तर मला मान्य नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. फुकट काम कोण करू शकतो? मी करू शकते. मला निवृत्तिवेतन आहे, दुपार मोकळी आहे, घरात वाय-फाय आहे. शहरातला अभियंता करू शकतो. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आलेली बाई करू शकत नाही, आणि तिने का करावे? भारतीय भाषा यंत्रांना कळाव्यात म्हणून चाललेल्या केंद्र सरकारच्या 'भाषिणी' उपक्रमात 'भाषादान' नावाने लोकांना आवाज आणि मजकूर देण्याचे आवाहन केलेले आहे. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'कॉमन व्हॉइस' या आवाजसंग्रहामध्येही मराठी आवाज स्वेच्छेने दिले जातात आणि ते सर्वांना मोफत वापरता येतात. दोन्ही उपक्रमांविषयी मला आदर आहे. पण केवळ दानावर उभ्या राहिलेल्या संग्रहात ज्यांना दान परवडते त्यांचीच मराठी प्रामुख्याने साठणार, आणि मग ते यंत्र पुण्या-मुंबईच्या साहेबाचे ऐकेल पण आमच्या भागातल्या बाईचे पीककर्जाचे म्हणणे त्याला कळणार नाही. 'दान' हा शब्दही जपून वापरला पाहिजे. ज्याचे फळ सगळ्यांना खुले आहे तिथे दान शोभते; ज्याची फळे एखादी कंपनी पेटीत भरून विकणार आहे तिथे त्याला आमच्याकडे वेठ म्हणतात.

पैसे देऊनही चोख काम मिळते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील आणि मुंबईच्या वस्त्यांतील कमी उत्पन्नाच्या लोकांकडून, साध्या स्मार्टफोनवर, पैसे देऊन शंभराहून अधिक तासांची मराठी वाचने गोळा केल्याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ती वाचने वापरण्याजोगी निघाली. त्याच प्रयत्नातून पुढे बंगळूरची 'कार्या' ही संस्था उभी राहिली. ती कामाला तासाला सुमारे ५ डॉलर देते आणि गोळा केलेला डेटा पुन्हा विकला गेला तर बोलणाऱ्यालाही त्यातला वाटा देण्याचे धोरण सांगते. तासाचा हिशेब आणि पुढच्या विक्रीत वाटा, या दोन गोष्टींनी माणूस नग मोजण्यातून थोडा मोकळा होतो. आपला आवाज उद्याही आपलाच आहे, असे ज्याला वाटते तो आज तो जपून वापरतो.

स्वेच्छेने चाललेल्या कामात पैसा बाहेरून येऊन पडला म्हणजे काय होते, हे पाहायचे असेल तर भारतीय भाषांतल्या विकिपीडियांचा २००९-१० चा अनुभव आठवावा. गुगलने आपले भाषांतराचे साधन वापरून इंग्रजी लेख तमिळ, तेलुगू, कन्नड, बंगाली, हिंदी अशा भाषांत आणण्यासाठी पैसे देऊन भाषांतरकार लावले. लेखांची संख्या भराभर वाढली. पण वाक्ये यंत्राच्या वळणाची होती, विषय तिथल्या वाचकांच्या गरजेतून निवडलेले नव्हते, आणि चूक दाखवली तर दुरुस्त करायला तो भाषांतरकार परत येत नव्हता, कारण त्याचे शब्द मोजून झालेले होते. बंगाली विकिपीडियाने हे लेख घेणे थांबवले. तमिळ मंडळींनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी कंपनीशी बोलणी केली, विषय कोणते घ्यायचे आणि दर्जा काय ठेवायचा हे स्वतः सांगितले, आणि हा सारा अनुभव २०१०च्या उन्हाळ्यात पोलंडमधल्या विकिमेनिया या विकिपीडिया-कार्यकर्त्यांच्या जागतिक संमेलनात जाहीरपणे मांडला. बंगाली आणि तमिळ दोघांकडेही पैसा एकाच थैलीतून आला होता. कामावर हुकमत कोणाची, यावर दोन्हीकडचे पुढचे घडणे ठरले.

पैशाच्या जागी गुण ठेवले तरी फरक पडत नाही, हे पुण्याने २०११ मध्ये पाहिले. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या एका शैक्षणिक उपक्रमात पुण्याच्या काही महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहिण्याचे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दिले गेले. पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उतरवलेला मजकूर एवढ्या मोठ्या प्रमाणात येऊन पडला, की जगभरचे स्वयंसेवक तो निस्तरण्यात गुंतले आणि त्याच वर्षी तो उपक्रम गुंडाळावा लागला. आपल्याकडच्या मुलांना नावे ठेवून काय उपयोग? गुण लेखाला होते, लेख स्वतःचा असण्याला नव्हते. आणि उतरवलेले ओळखू न येण्याइतक्या वह्या तपासणारे आम्ही शिक्षकच त्यांना तोवर शिकवत आलो होतो.

आता तपासनिसांविषयी, कारण पुरवणीतल्या लेखात त्यांचा उल्लेखही नाही. दर्जा राखायचा तर तपासणी हवी, असे सगळे म्हणतात. पण तपासणीही त्याच नगावर दिली तर काय होते, ते मी स्वतःवरून सांगते. पहिले पंधरा दिवस मी प्रत्येक वाक्य दोनदा ऐकत होते. मग हिशेब केला तेव्हा तासाला तीस रुपयेही पडत नव्हते. मला त्या रुपयांची निकड नव्हती, तरीही तो आकडा पाहिल्यावर माझ्यातला काहीतरी ताठपणा गेला. महिन्याभराने वाक्य निम्मे ऐकून मी 'योग्य' दाबू लागले. एकतीस वर्षे ऱ्हस्व-दीर्घासाठी मुलांच्या वह्या लाल केलेल्या बाईची ही गत. 'कॉमन व्हॉइस'मध्ये निदान दोन वेगवेगळ्या माणसांनी होकार दिल्याशिवाय वाक्य मान्य होत नाही, आणि तिथे तपासणारा कंटाळला तर उठून जातो, खोटा होकार देण्यात त्याचा काही फायदा नसतो. आमच्याकडे होय म्हणायला एक सेकंद लागत होता आणि नाही म्हणायला कारण निवडावे लागत होते, म्हणजे पाच सेकंद. दहा वाक्यांना एक रुपया, या दराचा अर्थ 'होय म्हणत जा' असाच होतो.

पण सर्वांत मोठी हानी वेगळीच होती आणि ती मला फार उशिरा कळली. या कामाचा हेतू आमच्याकडची बोली टिपणे हा होता. नियम मात्र असा होता, की पडद्यावर लिहिलेले अक्षरन् अक्षर उच्चारले गेले पाहिजे. 'असल्याचे' लिहिले असताना बाईने 'आसल्याचं' म्हटले तर ते चूक धरायचे की नाही? पुस्तिकेप्रमाणे चूक. ज्यांच्या तोंडात आमच्या भागाची मराठी शाबूत होती त्यांचीच वाक्ये सर्वांत जास्त नाकारली गेली, त्यांचाच रुपया बुडाला, आणि हे शहाणपण वाड्यावस्तीवर पसरायला आठवडा पुरला. मग सगळ्या बाया आकाशवाणीच्या निवेदिकेसारख्या बोलू लागल्या. दर रुपयागणिक आम्ही त्यांना त्यांची बोली सोडायला शिकवत होतो आणि वरून त्या संग्रहावर जिल्ह्याचे नाव चिकटवत होतो. एका बाईने मला विचारले होते, 'बाई, ह्ये तथापि म्हंजी काय? आमच्याकडं कोणी म्हणत न्हाई. वाचू का बदलू?' प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्याची सोय कुठेच नव्हती आणि तो विचारण्यात गेलेल्या वेळाचे पैसे नव्हते. चार दिवसांनी तिने विचारणे सोडले.

शेवटच्या पंधरवड्यात समन्वयकाने, बहुधा शिल्लक निधी संपवण्यासाठी, एक निराळा प्रयोग केला. आठ बायांना दिवसाचे ठरावीक मानधन दिले, वाचायला काहीही दिले नाही, आणि नुसते सांगा म्हणाला. (बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या 'वाणी' प्रकल्पातही मजकूर न देता चित्र दाखवून बोलते करतात, हे मला नंतर कळले.) हा आवाज कशासाठी हवा आहे हेही त्याने त्या दिवशी प्रथमच नीट समजावले: उद्या तुमच्यासारख्या बाईने फोनवर बँकेला काही विचारले तर यंत्राला ते कळले पाहिजे. लातूरकडून आमच्या गावात नांदायला आलेल्या एका बाईने येळवसेचे, म्हणजे रानात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येच्या सणाचे, सांगायला सुरुवात केली. रानात कडब्याची कोप (खोपी) कशी बांधायची, भज्जीत कायकाय पडते, आंबिलाचा बिंदगा (घागर) डोक्यावर घेऊन कोण निघते, पहिल्या वर्षी ती कशी वाटेत घसरली आणि सासू कशी ओरडायचे सोडून हसत बसली. चाळीस मिनिटे ती बोलली. मध्ये कोंबडा आरवला तेव्हा स्वतःच थांबून म्हणाली, 'ह्ये पुन्हा घ्या, कोंबडं आलं मधी.' कोंबडा आला तर पुन्हा घ्यावे असे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि पुन्हा सांगण्याचा तिला वेगळा पैसाही नव्हता.

काम कशासाठी आहे हे सांगण्याने फरक पडतो, याला अभ्यासाचाही आधार आहे. चँडलर आणि कॅपेलनर या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिका आणि भारतातल्या कामगारांना सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांतील ठिपके टिपायचे होते. या कर्करोगाच्या पेशी आहेत आणि तुमचे काम संशोधकांना लागणार आहे, असे ज्यांना सांगितले त्यांच्यापैकी अधिक लोक कामाला तयार झाले आणि त्यांनी अधिक काम केले. तुमचे काम नंतर टाकून दिले जाईल असे ज्यांना सांगितले, त्यांनी चित्रे कमी केली नाहीत, निष्काळजीपणे केली. यातला दुसरा भाग माझ्या जिव्हारी लागला, कारण का ते न सांगता 'अयोग्य' म्हणणे हे वाचणाऱ्याला दुसरे काय सांगते?

पैसा गटाला देण्याचाही एक मार्ग आहे आणि तो आमच्या तालुक्याने अनुभवला आहे. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा, म्हणजे श्रमदानातून पाणी अडवण्याची गावांची स्पर्धा, झाली तेव्हा राज्यातले तीनच तालुके त्यात होते: वरुड, कोरेगाव आणि आमचा अंबाजोगाई. पहिले बक्षीस ५० लाखांचे होते आणि ते कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाला मिळाले. बक्षीस मोठे होते, पण ते गावाचे होते. कोणी किती घमेली माती टाकली यावर कोणाच्या हातात काही पडणार नव्हते. त्यामुळे घमेली मोजण्यापेक्षा चर नीट समपातळीत आहे की नाही, यावर भांडणे झाली. अशी भांडणे रोजगार हमीच्या कामावर मी पाहिली नव्हती. तिथे मोजमाप खोदलेल्या मातीचे असते आणि भांडण मोजमाप घेणाऱ्याशी असते. रोजगार हमी नको असा याचा अर्थ कोणी काढू नये. दुष्काळात तिनेच चुली पेटत्या ठेवल्या, आणि श्रमदानाला येणाऱ्याच्या घरी त्या दिवसाचे पीठ असावे लागते.

माझी विनंती म्हणून मर्यादित आहे, आणि ती ध्वनिमुद्रणाची कामे मंजूर करणाऱ्या शासकीय विभागांना आणि विद्यापीठांना आहे. निविदेत 'इतके तास, इतकी वाक्ये, इतका दर' एवढेच छापले जाते. त्यात वाचणाऱ्याला वेळेचे पैसे मिळतील की नगाचे, तपासनिसाला नाही म्हणायला लागणाऱ्या जादा वेळाचेही पैसे मिळतील की नाही, वाक्य नाकारले तर त्याचे कारण बोलणाऱ्याला तिच्या भाषेत कळवले जाईल की नाही, आणि 'आसल्याचं' ही चूक धरली जाईल की नोंद, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. दर किती असावा हे मी सांगणार नाही. पण तो किमान वेतनाच्या खाली असेल तर मग सरळ दान मागावे आणि संग्रह सर्वांना खुला ठेवावा. रुपयाचे आमिष आणि सेवेचे कौतुक अशी दोन्हींची खिचडी करून वाचणाऱ्या बाईच्या पदरात दोन्हीही पडत नाही.

येळवसेची ती चाळीस मिनिटे पुढे संग्रहात गेली नाहीत. ती वाक्यांत तोडून लिहून काढण्याचा खर्च मंजूर रकमेत बसत नव्हता, असे मला सांगण्यात आले. ती फीत समन्वयकाकडून मागून मी माझ्याकडे ठेवली आहे, आणि ज्या कोणाला मराठवाड्याची मराठी खरोखर हवी आहे त्याला, त्या बाईला विचारून आणि तिचे मानधन तिला पोहोचवून, ती द्यायला मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
अंबाजोगाई, जि. बीड